दोन दिवसांचं काम, चौदा महिने

"गच्चीवर सोलर पॅनल बसवायला दोन दिवस लागतात म्हणे. मग तुम्हाला चौदा महिने कसे लागले?"

हे मला लग्नात विचारलं गेलंय, बँकेच्या रांगेत विचारलं गेलंय. एकदा दाताच्या डॉक्टरांनीही विचारलं, माझ्या तोंडात त्यांची हत्यारं असताना. विचारणारा घाईत असला की मी "ऑफिसांचं काम, दुसरं काय" म्हणते. निवांत असला तर सोलरवाल्याला बोल लावते. दोन्ही उत्तरं खोटी नाहीत, म्हणूनच तर इतके दिवस खपली. आज जरा लांबचं उत्तर देते.

सावलीचं काम मात्र मी चोख केलं होतं, हे आधी सांगू द्या. हिवाळ्यात सूर्य खालून जातो, पाण्याच्या टाकीची सावली लांबच लांब पडते. ऐन थंडीत तीन दिवस मी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता गच्चीवर जाऊन खडूने सावल्या आखल्या. कोपऱ्यावर पडलेली सावलीसुद्धा एका पॅनलचा तिसरा हिस्सा झोपवू शकते, हे मी वाचलं होतं. सोलरवाल्याने टाकीला खेटून मांडलेली रांग मी हलवायला लावली. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही तर इंजिनिअर निघालात." मी गणित शिकवते. तेवढ्या एका वाक्यावर मी पुढचे सहा महिने फुगून होते.

मंजुरीची फाइल ऑफिसातून पहिल्यांदा परत आली ती गच्चीच्या कडेने चालायला वाट सोडली नव्हती म्हणून. आग लागली तर अग्निशमनवाल्यांनी कुठून जायचं? हे मला पटलं. वाट सोडली, नकाशा बदलला.

दुसऱ्यांदा परत आली तेव्हा वर एकच ओळ होती: "सर्वांत थंड दिवसाचं व्होल्टेज दाखवा." सोलरवाला म्हणाला, नुसती फॉर्मॅलिटी आहे. मी त्या ओळीवर दीड पानांचं तक्रारपत्र लिहिलं, त्यात "छळ" हा शब्द दोनदा आला. पाठवल्यावर, म्हणजे पाठवल्यावरच, मी हिशेब मांडला. एका पॅनलचं मोकळं व्होल्टेज, म्हणजे त्यावर काही चालू नसतानाचं, ४९.५. बारा पॅनल एका माळेत, म्हणजे ५९४. इन्व्हर्टरची, म्हणजे पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या यंत्राची, कमाल मर्यादा ६००. बसतंय की! पण ते ४९.५ असतं २५ अंश तापमानाला. पॅनल थंड झालं की व्होल्टेज वाढतं, आमच्या पॅनलचं दर अंशाला ०.२८ टक्के. थंडीत पहाटे पारा पाचवर आला, तर वीस अंशांचे ५.६ टक्के. ५९४ चे झाले ६२७. एखाद्या स्वच्छ, गारठलेल्या सकाळी ऊन पडताक्षणी इन्व्हर्टर कायमचा जाऊ शकला असता. सातवीतल्या मुलाला जमेल असा गुणाकार. त्या नकाशावर सही माझी होती.

अकरा पॅनल केले, व्होल्टेज ५७५ वर आलं. बारावं तोवर घरी येऊन पडलं होतं, कारण मंजुरीआधी माल उचलायची घाईही माझीच. तक्रारपत्र मी मागे घेतलं नाही. का घेतलं नाही, याला उत्तर नाही.

पण मग ऑफिसवाल्यांचंही ऐका. गच्ची हे वजन आणि वारा सोसेल असा दाखला स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून आणून दिला होता. त्याला सहा महिन्यांची मुदत. फाइल त्यांच्याच टेबलावर पडून असताना ती मुदत संपली आणि त्यांनी मला नवा दाखला मागितला. गच्ची तीच, खांब तेच. अर्ज दोनदा हरवला. खिडकीवरच्या माणसाने एकदा मला माझ्याच फाइलचा नंबर विचारून "अशी फाइलच नाही" असं सांगितलं, आणि ती त्याच्या कोपराखाली होती. हे मी तिखटमीठ लावून सांगत नाही.

शेवटी मंजुरी आली आणि पॅनल चढले. हो, दोनच दिवसांत. आता राहिली होती शेवटची तपासणी आणि दुहेरी मीटर, म्हणजे आत येणारी आणि बाहेर जाणारी वीज वेगवेगळी मोजणारा. "पंधरा दिवसांत माणूस येईल." पंधराचे चाळीस झाले.

इथून पुढचं मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही.

लख्ख ऊन पडायचं. अकरा निळे पत्रे वर तळपत होते आणि खाली मी नेहमीचं बिल भरत होते. भाचा आला होता. म्हणाला, "मावशी, एक खटका तर वर करायचाय. कोण बघतंय?" त्याच्यावर ढकलायचं नाही असं ठरवलंय, कारण तो जेवून घरी गेला आणि खटका मी दुसऱ्या दिवशी सकाळी एकटीने वर केला. स्क्रीनवर हिरवा दिवा लागला. आकडा चढू लागला. मी स्टूल घेऊन इन्व्हर्टरसमोर बसले होते, हे सांगायला आज लाज वाटते, पण तो आनंद खोटा नव्हता.

एकोणीस दिवस चालू ठेवलं. मग बिल आलं. आमचा वापर महिन्याला २४० युनिटच्या आसपास. त्या महिन्याचा आकडा होता ५७९. जुन्या मीटरला वीज कुठल्या दिशेने जातेय ते कळतच नव्हतं. बाहेर पाठवलेलं प्रत्येक युनिट त्याने मी वापरलं म्हणून मोजलं. फुकट वीज वाटून मी वर तिचे पैसे भरणार होते. नवऱ्याने बिल दोनदा वाचलं, घडी घातली आणि चष्म्याच्या डबीखाली ठेवलं. काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

मी घाईघाईने खटका खाली केला. पण अचानक फुगलेला आकडा ऑफिसातही दिसला होताच, आणि ज्या माणसाची मी चाळीस दिवस वाट पाहिली तो आता तीन दिवसांत हजर झाला. गच्चीवर न जाता आधी इन्व्हर्टरसमोर उभा राहिला. दोन बटणं दाबली. सुरुवातीपासूनचं एकूण उत्पादन: ४५६ युनिट.

"मॅडम, हे कुठून आले?"

"टेस्टिंग," मी म्हणाले.

"टेस्टिंग दहा मिनिटांचं असतं."

वर्गात कॉपी पकडल्यावर मुलं बुटांकडे बघतात. मी इन्व्हर्टरच्या ब्रँडचं नाव वाचत उभी राहिले.

मग तो वर गेला. पॅनल ज्यांवर बसवलेत त्यातल्या दोन धातूच्या पट्ट्या अर्थिंगला जोडलेल्याच नव्हत्या. तार आणून ठेवली होती, नट मात्र कसला नव्हता. त्याच पट्ट्यांना खेटून माझ्या कुंड्या आहेत. एकोणीस दिवस मी ओल्या पायांनी तिथे पाणी घालत होते.

लाइनमनचं म्हणाल, तर मी स्वतःची समजूत काढली होती की बाहेरची वीज गेली की इन्व्हर्टर दोन सेकंदांच्या आत आपोआप बंद होतो, तारेवर काम करणाऱ्याला धोका नाही. माहिती बरोबर आहे. पण माझा इन्व्हर्टर तसा बंद होतो का, हे कुणी बघितलं होतं? तेच बघायला तो माणूस यायचा होता.

हां, पण तो पंधरा दिवसांत आला असता तर मी खटक्याला हात लावला असता का? नसता लावला. तो सैल नटही तेव्हाच सापडला असता. हा मुद्दा मी अजून सोडलेला नाही. नवरा म्हणतो, चाळीस दिवस थांबलीस तर एकेचाळीसावा काय जड होता? यावर आमचं आजही भांडण होतं.

अर्ज रद्द झाला नाही, रांगेच्या शेवटी गेला. लेखी माफी, नवी तपासणी, मग मीटर. त्यात आणखी चार महिने गेले. बारावं पॅनल जिन्याखाली उभं आहे, पायपुसण्याच्या मागे.

परवा समोरच्या घरातल्या नव्या भाडेकरूंनी वर बघत विचारलं, "बसवायला किती दिवस लागले हो?"

"चौदा महिने," मी म्हणाले. "ऑफिसांचं काम, दुसरं काय."