चेंडू न येणारी धाव

रविवार, 6 एप्रिल 2025. रामनवमी.

सकाळी साडेसातला सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एजवुडच्या टेकडीवर गेलो. पाडव्याला श्रीखंडावर जो हात मारला, त्याचं प्रायश्चित्त. पाऊस होऊन गेलाय, त्यामुळे उतारावर पिवळ्या फुलांचा नुसता सडा. वाटेच्या कडेला पॉयझन ओक, म्हणजे अंगाला खाज आणणारं झुडूप, हात बाहेर काढून बसलेलाच. खाली 280 हायवेची घरघर.

ही जेरी राईसची टेकडी. अडीच मैलांची चढण. फोर्टी नायनर्स या सॅन फ्रान्सिस्कोच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा हा वाइड रिसीव्हर, म्हणजे लांब पळून चेंडू झेलणारा खेळाडू, मोसम संपला की इथे पळायला यायचा. सोबतीला संघातलाच रॉजर क्रेग. बाकीचे खेळाडू सुट्टीवर असायचे तेव्हा हे दोघे इथे घाम गाळत. मी ती चालत चढतो आणि तरी दोनदा थांबतो.

पहिल्यांदा हे नाव ऐकलं ते डिसेंबर 2000 मध्ये. अमेरिकेत येऊन मला जेमतेम वर्ष झालं होतं. ऑफिसमधला एक सहकारी पक्का नायनर्सवाला. त्याने घरी सामना बघायला बोलावलं. नायनर्सच्या घरच्या मैदानावर, कँडलस्टिक पार्कवर, शिकागो बेअर्सविरुद्ध सामना, 17 तारीख. म्हणाला, आज राईसचा इथला शेवटचा सामना, रडायला तयार राहा. मला तर नाव ऐकून आधी भातच आठवला होता.

आणि झालं काय? त्या दिवशी चेंडू सारखा दुसऱ्याच रिसीव्हरकडे. टेरेल ओवेन्सने 20 झेल घेतले, एका सामन्यातला तोवरचा विक्रम. ज्याचा निरोप समारंभ, तो 80 नंबरवाला मैदानाच्या दुसऱ्या बाजूने धावतोय, वळतोय, हात वर करतोय आणि परत येतोय. त्यालाही सात झेल मिळाले म्हणा. पण मला खेळ कळत नसल्यामुळे मी चेंडूकडे न बघता त्या एकाच माणसाकडे बघत बसलो, आणि त्यामुळेच बहुधा हा खेळ मला थोडाफार कळला.

वाइड रिसीव्हरची नोकरी तशी विचित्रच. सामन्यात साठेक वेळा चेंडू खेळात येतो. प्रत्येक वेळी याला ठरलेला रूट पळायचा असतो: इतकी पावलं सरळ, मग आत किंवा बाहेर काटकोनात वळण, किंवा थेट लांब. अंगावर समोरच्या संघाचा एक बचावपटू, कॉर्नरबॅक, चिकटलेला. चेंडू येईल की नाही हे चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या मर्जीवर आणि त्याच्या अंगावर कोण धावून आलंय त्यावर. आज चढताना तोंडी हिशेब केला. राईसचे 303 सामने, 1549 झेल. म्हणजे सामन्याला पाच. ज्याने आजवर सगळ्यात जास्त झेल घेतले, त्याची ही सरासरी! बाकी सगळी धाव मोकळी. स्लिपमधला माणूस निदान उभा असतो. हा दर वेळी असा पळतो की चेंडू आपल्याकडेच येणार, कारण तसं समोरच्याला वाटलं तरच दुसरा कोणीतरी मोकळा सापडतो.

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण जानेवारी 1989 मधलं. मायामीत सुपर बोल, म्हणजे मोसमाचा अंतिम सामना, समोर सिनसिनाटी बेंगल्स. नायनर्स तीन गुणांनी मागे, तीन मिनिटं दहा सेकंद शिल्लक आणि 92 यार्ड जायचंय. त्या शेवटच्या चढाईत नायनर्सचा क्वार्टरबॅक जो मोंटाना याने राईसला तीनदा चेंडू दिला. त्यातल्या एका झेलाने 27 यार्ड पदरात पडले. मग एंड झोनपासून (मैदानाच्या टोकाचा पट्टा, तिथे चेंडू नेला की टचडाउन) दहा यार्डांवर सगळ्यांची नजर अर्थातच राईसवर. राईस हलला, बचाव त्याच्याकडे झुकला, आणि चेंडू गेला जॉन टेलरकडे. टचडाउन. 20-16. टेलरचा त्या अख्ख्या सामन्यातला तो एकमेव झेल. राईसच्या नावावर त्या दिवशी 11 झेल, 215 यार्ड आणि सामनावीराचा मान. पण सामना जिंकून दिला तो बाराव्यांदा रिकाम्या हाताने पळून, असं माझं मत. (याच बेंगल्सनी 1985 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, तेराव्या क्रमांकावर रिसीव्हर निवडला होता, पण दुसराच. सोळाव्यावर नायनर्सचे प्रशिक्षक बिल वॉल्श यांनी राईसला उचललं. घड्याळावर तो फार वेगवान भरत नव्हता ना!)

तो मिसिसिपीतल्या क्रॉफर्ड नावाच्या खेड्यातला. वडील गवंडी. उन्हाळ्यात पोरं त्यांच्या हाताखाली कामाला, भावंडांनी विटा फेकायच्या आणि याने झेलायच्या. त्याच्याबद्दल लिहिणारा प्रत्येक जण ही विटांची गोष्ट सांगतोच, इतकी की ऐकून कंटाळा यावा. मला येत नाही. मिरजेचं आमचं घर बांधताना परांचीवर उभा राहून खालून आलेल्या विटा जोडीने झेलणारा एक मुलगा मी तासन्‌तास बघितलाय. वीट हाताला लागायच्या आत तो हात किंचित खाली न्यायचा. आवाज यायचा नाही.

पण वीट झेलणाऱ्याच्या हातून चेंडू सुटायचे, ही गोष्ट कमी सांगितली जाते. पहिल्या मोसमात राईसने इतके झेल सोडले की घरच्याच प्रेक्षकांनी हुर्यो केली. पुढच्या मोसमाच्या शेवटी, जानेवारी 1987 मध्ये, न्यूयॉर्क जायंट्सविरुद्ध तो चेंडू घेऊन एकटाच सुटला होता. मागे कोणी नाही, पुढे कोणी नाही, आणि कोणी हातही न लावता चेंडू निसटला. सामना 49-3 ने गेला. पुढच्या मोसमात त्याने बारा सामन्यांत 22 टचडाउन झेल घेतले. सरावात पाच यार्डांचा झेल घेतला तरी तो थेट एंड झोनपर्यंत पळत जायचा आणि मग परत यायचा. लोक याला जिद्द म्हणतात. मला ती भीती वाटते. 2010 मध्ये हॉल ऑफ फेमच्या भाषणात त्याने स्वतःच सांगितलं की अपयशाच्या भीतीनेच आपल्याला पळवलं, आणि एकच खंत आहे, या सगळ्याचा आनंद घ्यायला आपण कधी थांबलो नाही. तीन सुपर बोल जिंकलेला माणूस! मी हे भाषण दोनदा ऐकलंय आणि दोन्ही वेळा त्या वाक्याशी अडकलो.

1997 मध्ये पहिल्याच सामन्यात डावा गुडघा गेला. तोवर बारा मोसमांत दुखापतीमुळे एकही सामना चुकला नव्हता. वाट बघवेना, डिसेंबरमध्येच परतला, टचडाउन झेलला आणि पडताना गुडघ्याची वाटी फुटली. नंतर ओकलंडचा संघ, चाळिशीत सुपर बोल आणि त्यात एक टचडाउन (सामना हरले, ते सोडा), मग सिअ‍ॅटल. 2005 मध्ये डेन्व्हरच्या सराव शिबिरात तो 42 वर्षांचा होता. चौथा रिसीव्हर म्हणून जागा आहे असं कळल्यावर त्याने निवृत्ती घेतली. चौथा रिसीव्हर म्हणजे बहुतेक वेळ बाकावर. रिकामी धाव त्याने हजारो वेळा काढली होती, पण ती मैदानावर. धावायलाच मिळणार नसेल तर कशाला राहायचं?

माथ्यावर पोचायला मला पंचावन्न मिनिटं लागली. उतरताना एक विशीतली मुलगी घड्याळ बघत धावत वर गेली. तिला राईस कोण ते माहीत असेल का, कोण जाणे. कँडलस्टिकही पाडून दहा वर्षं झाली.

गाडीत बसून आईला फोन लावला. तिकडे रात्रीचे दहा वाजत आले होते.

"आई, आपलं घर बांधताना विटा झेलायचा तो मुलगा कोण गं?"

"तो होय? गवंड्याचाच पोरगा. एकदा वीट निसटून पायावर पडली त्याच्या. मी हळद लावली होती. लंगडत परत वर चढला."

"नाव काय त्याचं?"

"नाव कुठलं आता आठवायला. चहा दिला की आधी हात धुऊन यायचा एवढं आठवतंय." मग जरा थांबून, "तुम्ही सुंठवडा केलात का रे आज?"

नाही केला.