कुठेतरी घसरायलाच हवं

ऑटोक्रॉसला (आखलेल्या वळणदार मार्गावर गाड्यांची वेळ मोजायची शर्यत) स्टार्ट लाइनच्या बाजूला उभं राहून बघायला मला गाडी चालवण्याइतकंच आवडतं. झेंडा पडतो, एखादी गाडी किंचाळते, टायरचा निळसर धूर निघतो, बघे शिट्ट्या मारतात आणि गाडी अजून जवळपास तिथंच असते. तिच्यामागून येणारी काही तमाशा न करता, टायरचा एक बारीकसा ‘चुंईक’ काढून निघून जाते. वेळ बहुतेकदा हिचीच कमी लागते.

भाच्याने परवा विचारलं, “मावशी, जोरात सुटायचं तर तीन हजारावर रेस धरायची आणि क्लच सोडून द्यायचा, एवढंच ना?” त्याला फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

गाडी उभी असते तेव्हा चाकं शून्यावर असतात. इंजिन मात्र आयडलिंगलाही मिनिटाला आठशेच्या आसपास फेरे (आरपीएम) घेत असतं आणि त्याच्या फार खाली गेलं की बंद पडतं. फिरणारं इंजिन आणि थांबलेलं चाक यांना जोडायचं तर मधे कुठेतरी काहीतरी घसरायलाच हवं. त्याला जागा दोनच. एक तर क्लच प्लेट आणि फ्लायव्हीलच्या (इंजिनबरोबर फिरणारं जड चाक) मधे, नाहीतर टायर आणि रस्त्याच्या मधे. रेस भरपूर ठेवून पाय झटक्यात काढला की क्लच लगेच पकडतो आणि घसरण्याचं काम टायरवर येतं. रेस कमी ठेवून झटक्यात काढला तर टायरही घसरत नाही, इंजिन दबतं आणि गाडी दोन हिसके देऊन गप्प होते. चांगला स्टार्ट म्हणजे बरंचसं घसरणं क्लचला करायला लावायचं आणि टायरला अगदी थोडंसं.

थोडंसं का, तर डांबरावर टायरची पकड सगळ्यात जास्त असते ती चाक गाडीपेक्षा दहा-पंधरा टक्के जास्त फिरत असताना. गाडी वीसच्या वेगात असेल तर चाक बावीस-तेवीसच्या वेगाने फिरावं. तो ‘चुंईक’ याचाच आवाज. त्यापुढे पकड उतरू लागते, रबर तापतं, धूर होतो.

माझ्या गाडीचा हिशोब मांडते. पेट्रोल हॅचबॅक, पुढच्या चाकांवर चालणारी, मी आत बसल्यावर साधारण एक टन. पहिल्या गियरमध्ये, फायनल ड्राइव्ह (गियरबॉक्सनंतरची शेवटची गियरजोडी) धरून, इंजिन साडेचौदा वेळा फिरतं तेव्हा चाक एकदा फिरतं. म्हणजे 3000 आरपीएमला गाडीचा वेग ताशी बावीस किलोमीटर. मी तीन हजारावर सुटले, तर बावीसचा वेग गाठेपर्यंतच क्लचचं काम आहे. त्यानंतर प्लेट पूर्ण बसलेली असते आणि उजवा पाय खाली दाबून ठेवण्यापलीकडे फारसं कौशल्य उरत नाही. सगळी करामत त्या पहिल्या सव्वा-दीड सेकंदात आटोपते.

आता वजनाचं बघा. गाडी पुढे झेपावली की वजन मागे सरकतं. माझ्या गाडीत पुढच्या चाकांवर सहाशे किलोंच्या आसपास असतं. जोरात सुटताना त्यातलं नव्वदेक किलो मागच्या चाकांवर जातं, म्हणजे ज्या चाकांनी ओढायचं त्यांच्यावरचंच वजन कमी होतं. इंजिनचा पूर्ण टॉर्क (फिरवणारा जोर) पहिल्या गियरमधून आला की उरलेल्या वजनावर टायरला जेवढं पेलतं त्यापेक्षा तो किंचित जास्तच भरतो. त्यात क्लच धाडकन सोडला तर फिरत्या फ्लायव्हीलमध्ये साठलेली ऊर्जाही त्याच क्षणी चाकांवर आदळते. मग एक चाक जागेवर फिरायला लागतं, कारण साधा डिफरन्शियल (इंजिनचा जोर डाव्या-उजव्या चाकांत वाटणारा भाग) दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देतो आणि कमी पकड असलेलं चाक दुसऱ्यालाही मर्यादा घालतं. स्टीअरिंग थोडं जरी वळलेलं असलं तरी गाडी एका बाजूला ओढते. स्टार्ट लाइनवर चाकं सरळ आहेत ना, हे मी खिडकीतून डोकं काढून बघते. लोक हसतात, हसू देत.

डाव्या पायाचं आता सविस्तर. टाच जमिनीवर टेकलेली, बूट पातळ तळव्याचा. पाय हवेत उचलून क्लच सोडणाऱ्याला तो मांडीने आवरावा लागतो आणि मांडीला बारीक काम जमत नाही. टाच टेकली की घोट्यातून हलवता येतं. पेडल वर येताना आधी बराचसा प्रवास फुकट जातो. मग एक जागा येते जिथे इंजिनचा आवाज किंचित जाड होतो, आरपीएमचा काटा जरासा खाली येतो आणि बॉनेट अंगुळभर उचललं जातं. हाच बाइट पॉइंट. हँडब्रेक ओढलेला असेल तर गाडीची मागची बाजू खाली बसल्यासारखी वाटते. झेंडा पडायच्या अगदी आधी पाय इथे आणून ठेवायचा. खूप आधी नाही, नाहीतर प्लेट उभ्या-उभ्याच तापते.

झेंडा पडला की हँडब्रेक खाली, आणि डावा पाय बाइट पॉइंटच्या नखभर वर येऊन तिथे थांबतो. हे थांबणंच कुणाला जमत नाही. गाडी हलली की आपला पाय आपोआप सुटतो, कारण रोज रस्त्यावर तीच सवय लागलेली असते. इथे मात्र गाडी हलल्यावरही क्लच धरून ठेवायचा आणि उजव्या पायाने रेस वाढवत न्यायची. डावा पाय काट्याकडे बघून चालतो: काटा पडायला लागला तर पेडल केसभर आत, वर पळायला लागला तर केसभर बाहेर. खरं तर बघायला वेळ नसतो, कानच ते काम करतो. आवाज एका सुरात राहिला तर सगळं बरोबर चाललंय. आवाज चढला आणि पाठीला मिळणारा धक्का मात्र वाढला नाही, तर टायर सुटलाय, उजवा पाय जरा मागे घ्यायचा.

मग सहा हजारावर का सुटू नये? भाच्याचा पुढचा प्रश्न हाच असणार. स्टार्टच्या वेळी क्लचमध्ये होणारी उष्णता गाडीने तोपर्यंत मिळवलेल्या गतिज ऊर्जेइतकीच असते, आणि ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दीड हजाराऐवजी तीन हजारावर सुटलात की प्लेटमध्ये चौपट उष्णता. सहा हजारावर सोळापट. तो जळका, तिखट, नाकात बसणारा वास म्हणजे प्लेटच्या लायनिंगमधलं रेझिन जळतंय. एकदा आला की लगेच पुन्हा स्टार्ट मारू नये. गाडी सावकाश एक चक्कर फिरवून आणावी. पहिल्या गियरमध्ये हाफ क्लचवर रेंगाळत नव्हे, क्लच पूर्ण सोडून. कुठून सुरुवात करावी, तर दोन हजार. तिथून अडीच, मग तीन. आपल्या टायरला कुठे जास्त होतंय ते लगेच कळतं. हे सगळं बंद ट्रॅकवर किंवा मोकळ्या धावपट्टीवर. सिग्नलला करणाऱ्यांशी मला बोलायचं नाही.

मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचं गणित उलटं. वजन सरकतं ते नेमकं ओढणाऱ्या चाकांवर, त्यामुळे क्लच जास्त धीटपणे सोडता येतो. चारही चाकांवर चालणाऱ्या गाडीत कोरड्या डांबरावर टायर सहसा घसरतच नाही, म्हणजे सगळं घसरणं क्लचच्या गळ्यात. अशा गाड्यांच्या प्लेटी स्टार्ट मारून मारून लवकर संपतात, त्यात नवल काही नाही. डिझेलला खाली टॉर्क दांडगा, पण टर्बो जागा व्हायच्या आधी सोडली तर गाडी दोन क्षण झोपते. साधारण दोन हजार पुरतात आणि पहिला गियर डोळ्याचं पातं लवतंय तोवर संपतो. मातीवर मात्र माझा वरचा सगळा शहाणपणा थोडा बाजूला ठेवा. भुसभुशीत थरात चाकाने जरा जास्त फिरून खालच्या घट्ट जमिनीपर्यंत पोचणं फायद्याचं असतं.

काही नव्या गाड्या उभ्या असताना आरपीएम ठरावीक आकड्याच्या वर जाऊच देत नाहीत. ट्रॅक्शन कंट्रोल चालू असेल तर चाक जरा सुटलं की इंजिनचा गळा आवळला जातो आणि परत दम धरेपर्यंत वेळ जातो. बंद करायचं बटण असेल तर ट्रॅकवर बंद करा आणि ट्रॅकवरून बाहेर पडताना आठवणीने चालू करा.

शून्य ते शंभरचे आकडे वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट. अमेरिकेतली बरीच मासिकं ड्रॅग स्ट्रिपच्या (सरळ रेषेतल्या शर्यतीच्या ट्रॅकच्या) पद्धतीप्रमाणे पहिला एक फूट मोजतच नाहीत, त्यामुळे त्यांचा आकडा साधारण 0.3 सेकंदांनी गोजिरा दिसतो. शिवाय गियर कुठे संपतो याचाही फरक पडतो. माझ्या गाडीचा पहिला गियर सत्तेचाळीसच्या आसपास संपतो आणि दुसरा नव्वदच्या जरा अलीकडे, म्हणजे शंभर गाठायला तिसरा टाकावाच लागतो आणि त्यात वेळ जातो. दुसऱ्यातच शंभर पार करणारी गाडी कागदावर माझ्यापुढे राहणार. ऑटोक्रॉसला त्याचं मला काही वाटत नाही, तिथे दुसरा गियर संपायच्या आत मार्ग आखणारा पहिला कोन (शंकू) येतो.