हार्ड केस, भाग ४ : खडू पास!

काल रात्री साडेअकराला गिटारची केस (कडक पेटी) उघडली आणि आतली काळी मखमल स्वच्छ! हेडस्टॉकच्या, म्हणजे मानेच्या टोकाला खुंट्या असतात त्या भागाच्या, पाठीला फासलेला खडू जिथल्या तिथे; म्हणजे तो केसला कुठेच टेकत नाही. तीन आठवडे गेले या एका डागापायी.

भाग ३ वाचलेल्यांना रड माहीत आहे. गिटार ओएम, म्हणजे बारीक अंगाची; केस ड्रेडनॉटची, म्हणजे त्याहून मोठ्या, जाड गिटारची. 'सर, अकूस्टिकला हीच बसते' हे ऐकून घेऊन आलो, मोजपट्टी खिशात असून काढली नाही. ड्रेडनॉटची खालची रुंदी १५⅝ इंच, ओएमची १५. तेवढं चाललं असतं. खरा घोळ जाडीत आहे, ओएम पाऊण इंचाने बारीक. त्यामुळे गिटार केसमध्ये खाली जाऊन बसते, मानेखालचा फोम पावासारखा दबतो आणि ट्यूनर (तारा पिळायच्या खुंट्या) तळाला टेकतात. केस पाठीवर पडली की दणका थेट हेडस्टॉकला. माझ्या गिटारची मान एकाच लाकडातली, हेडस्टॉक मागे कललेला, म्हणजे त्या वळणावर लाकडाच्या रेषा तुटक. शिवाय ट्रस रॉडच्या (मानेतल्या लोखंडी सळीच्या) नटासाठी तिथेच पोखरलेलं. मोडायची तर तिथेच मोडणार.

पहिला उपाय जुन्या टॉवेलचा. एका रिक्षाप्रवासात तो सरकून साउंडहोलपाशी (गिटारच्या पोटावरच्या गोल भोकापाशी) आला.

मग कुर्ल्याजवळ ठक्कर बाप्पा कॉलनी गाठली. चपला-बुटांच्या सोलची ईव्हीए (रबरासारखा फोम) शीट तिथे मिळते, ६ मिमीची, घट्ट. गिटारवाल्यांनी ऑनलाइन 'केस पॅड' शोधण्याआधी चपलांचं सामान विकणाऱ्यांकडे एक चक्कर मारावी. तीन थर घातले, १८ मिमी. पाऊण इंच म्हणजे १९, हिशेब चोख. झाकण लावलं तर लॅच लागेना! झाकणाच्या आत खडू घासून पाहिलं, मानेच्या बाजूच्या तारांवर पांढरा पट्टा. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला: पाऊण इंचाचा फरक मागच्या टोकाचा आहे, मानेकडे तो कमी होत जातो. मी सपाट पाट ठेवला होता, हवा होता उतार. मागे तीन थर, पुढे दोन, आणि मानेखालचा मऊ फोम काढून तिथेही ईव्हीएचा खाचा पाडलेला ठोकळा. आता हेडस्टॉक पूर्ण अधांतरी. केस उभी धरून हलवली, आवाज शून्य. बायकोने एवढंच विचारलं, 'वाजवणार कधी?'

थर अजून चिकटवलेले नाहीत. बुटांचं सोल्यूशन आणून ठेवलंय, पण त्याचा वास बंद केसमध्ये कोंडून पॉलिशशी काय खेळ करेल याची धास्ती आहे. हे लिहितानाच सुचलं, मखमलीखाली सरकवून वरून शिवून टाकलं तर? अस्तराची एक कड तशीही उसवलीय. ठरलं, सोल्यूशन परत. शिवायचंच.

आर्द्रता: खोलीत ८३ टक्के, केसमध्ये ७४. हवी ४५ ते ५५. सिलिका जेलच्या पुड्या ओल शोषून रात्रीत नारंगीच्या हिरव्या होतात, कढईत परतून पुन्हा घालतोय. मला वाटतं ओल हवेतली कमी आणि फोमनेच प्यायलेली जास्त. पावसात दुकानातून आणली ना. आधी रिकामी केस दोन दिवस पंख्याखाली उघडी ठेवणार, मग पुड्या.

गिगबॅग, म्हणजे गिटारची मऊ कापडी बॅग, वापरणाऱ्यांनो, लोकलमध्ये पाठीवर ती बरी, मान्य. हार्ड केस साडेचार किलोची, खांदा बोलतो. पण गणपतीला कोकणकन्येने रत्नागिरीला निघालोय, आणि त्या गर्दीत बॅगांच्या ढिगाखाली गिगबॅग ठेवायची माझी छाती नाही.

आणि हो, मिरजेला सतारीच्या फायबर पेट्या बनतात. त्यांच्याकडून ओएमच्या मापाची एक करून घेतली तर हे थरांचं नाटकच नको. मापं काढून ठेवलीत. केसचं शिवणकाम झाल्यावर फोन करतो... की आधीच करू?