आमची वाटचाल : एमजी रोडमागचं लिनक्सचं दुकान

२०१४ च्या ऑगस्टमधल्या एका सोमवारबद्दल नाशिकच्या कॉम्प्युटर बाजारात अजून दोन गोष्टी ऐकू येतात. पहिली, आम्ही एका क्लासची चाळीस मशिनं घालवली. दुसरी, विंडोजऐवजी लिनक्स टाकलं की कधी ना कधी स्क्रीन काळी पडायचीच. दोन्ही खोट्या आहेत. २०२५ च्या दिवाळीत दुकानाला अठरा वर्षं झाली, आणि एवढ्या काळात त्या सोमवारची आमची बाजू मी कुणाला पूर्ण सांगितलेली नाही. ती सांगायची म्हणून लिहायला बसलो.

दुकान गल्लीत, दहा बाय आठचं. २००७ साली मी आणि माझा पॉलिटेक्निकचा मित्र, दोघांनी मिळून सुरू केलं. मदरबोर्डवरचा फुगलेला कपॅसिटर तो चहा निवायच्या आत बदलायचा. सॉफ्टवेअर माझ्याकडे. ठरवलं एकच होतं, चोरीचं विंडोज टाकायचं नाही. आजूबाजूला सगळीकडे फॉरमॅट मारून तेच टाकून द्यायचे. आम्ही गिऱ्हाइकाला उबुंटू, लिनक्सचाच एक प्रकार, दाखवायचो. तेव्हा त्याच्या सीड्या पोस्टानं घरपोच, फुकट यायच्या. शिपइट नावाची ती सोय २०११ मध्ये बंद झाली. त्यातल्या चार सीड्या मी अजून ठेवल्यात.

लिनक्समध्ये त्या काळी अडायचं ते मुख्यतः दोन ठिकाणी, वायफाय आणि ग्राफिक्स. वायफाय अडलं तर गिऱ्हाईक केबल लावून भागवतं. चित्रच धड दिसलं नाही तर मशीन रिक्षात घालून परत आणतं. म्हणून ग्राफिक्स आम्ही नीट शिकलो. मॉनिटरच्या पाठीवरच्या स्टिकरवरून आडव्या-उभ्या फ्रिक्वेन्सीचे आकडे बघायचे आणि एक्सऑर्ग डॉट कॉन्फ या फाइलीत हातानं लिहायचे. आकडा चुकला की जुना ट्यूबचा मॉनिटर टकटक करायचा आणि ‘आउट ऑफ रेंज’ दाखवून गप्प बसायचा. २००९ नंतर रिझोल्यूशन, म्हणजे चित्रात आडवे-उभे किती ठिपके, हे ठरवायचं काम हळूहळू कर्नेलकडे, लिनक्सच्या गाभ्याकडे, गेलं आणि ती फाइल बहुतेक ठिकाणी लागेनाशी झाली. पण ज्यानं ती हातानं लिहिली आहे त्याला आजही बिघाड लवकर सापडतो, असं माझं मत आहे.

आमची हत्यारं एका स्टीलच्या डब्यात असतात. लिनक्स थेट सुरू करणारे लाइव्ह पेनड्राइव्ह दोन, एक जुन्या मशिनांसाठी आणि एक नव्या. कार्डाच्या सोनेरी पट्ट्या पुसायला शाळेतलं पांढरं खोडरबर. मल्टिमीटर. स्वतःची, खात्रीची व्हीजीए (मॉनिटरची) केबल, जिच्यावर मी लाल इन्सुलेशन टेप गुंडाळली आहे म्हणजे ती गिऱ्हाइकाकडे राहून जात नाही. आणि एक दोनशेपानी वही. ‘एलएसपीसीआय’ ही लिनक्सची आज्ञा ‘एनएन’ जोडून दिली की चिपचा क्रमांक दिसतो. सुरुवात ८०८६ असेल तर इंटेल, १०डीई असेल तर एनव्हिडिया, १००२ असेल तर एएमडी. प्रत्येक क्रमांकापुढे कुठला ड्रायव्हर (चिप चालवणारं सॉफ्टवेअर) लागला, कुठला नाही लागला, कुठल्या महिन्यात, हे त्या वहीत आहे. दुकानात आग लागली तर मी आधी ती वही उचलेन.

त्या डब्यात एक रुपयाचं नाणंही आहे. ते नाशिकरोडच्या काकांचं.

काका प्रेसमधून निवृत्त झालेले. नाशिकरोडला ‘प्रेस’ म्हटलं की नोटांची, हे वेगळं सांगायला नको. उभा जन्म छापलेले कागद तपासण्यात गेलेला माणूस. २०१० मध्ये त्यांनी ट्यूब काढून साडेअठरा इंची चपटा मॉनिटर घेतला आणि चौथ्या दिवशी दुकानात आले. म्हणाले, “अरे, तुझ्या मशीनवर गोल काढला की अंडं होतंय.” मी म्हटलं, काका, नवीन मॉनिटर रुंद असतो, सवय होईल. ते काही बोलले नाहीत. मला घरी घेऊन गेले, चित्र काढायच्या प्रोग्रॅममध्ये एक वर्तुळ काढलं आणि खिशातला रुपया काचेवर धरला. वर-खाली नाणं बरोबर टेकत होतं. दोन्ही बाजूंना मात्र फट होती.

मॉनिटर १३६६ बाय ७६८ चा होता आणि चित्र येत होतं १०२४ बाय ७६८ चं. चारास तीनचं चित्र सोळास नऊच्या काचेवर ताणलं की रुंदी एक तृतीयांशानं वाढते. काकांच्या डोळ्यांना ते चार दिवस टोचत होतं, आणि मी त्यांना सवय करून घ्या म्हणालो होतो.

मी शहाणपणा करून ‘सीव्हीटी’ आज्ञेनं १३६६ चा मोड, म्हणजे चित्राचं माप, तयार करायला घेतला. तिनं दिला १३६८ चा, कारण त्या गणितात रुंदीला आठनं भाग जावा लागतो आणि १३६६ ला जात नाही. तो मोड ‘एक्सरँडआर’ या दुसऱ्या आज्ञेनं लावला. काकांनी एक मराठी मजकूर उघडला आणि बोट ठेवून दाखवलं, इथला काना स्वच्छ आहे, आणि इथला पुसट. मग १३६० चा लावून पाहिला. तिथंही ठराविक अंतरावर काने पुसट. काचेवर जेवढे ठिपके आहेत तेवढेच चित्रात असले पाहिजेत, सहा कमी किंवा दोन जास्त चालत नाहीत, हे मला त्या दिवशी समजलं.

खरं कारण टेबलाखाली होतं. मॉनिटरमध्ये १२८ बाइटची एक छोटी नोंद असते, ईडीआयडी म्हणतात तिला. मी कोण, माझं खरं रिझोल्यूशन किती, हे मॉनिटर तिच्यातून कॉम्प्युटरला सांगतो. व्हीजीएच्या पंधरा पिनांपैकी बारावी आणि पंधरावी पिन या बोलण्यासाठी आहे. काकांनी सीपीयू लांब ठेवायला एक स्वस्त जोडकेबल लावली होती. तार अखंड असली की मल्टिमीटर वाजतो. लावला तर लाल, हिरव्या, निळ्या रंगाच्या तारा वाजल्या. बारा आणि पंधरा वाजल्याच नाहीत. आत त्या तारा घातलेल्याच नव्हत्या. मॉनिटर बोलत होता आणि ऐकायला कुणी नव्हतं, म्हणून ड्रायव्हरनं बिचकून १०२४ धरलं. जोडकेबल काढली, मशीन पुन्हा सुरू केलं, १३६६ आपोआप आलं. काकांनी पुन्हा रुपया धरला. मग तो माझ्या हातात दिला आणि म्हणाले, हा ठेव, वेगळे पैसे सांग. त्यानंतर प्रेसमधल्या त्यांच्या ओळखीनं आमच्याकडे किती मशिनं आली ते मी मोजलं नाही, पण दोन वर्षं दुकानाचं भाडं नाशिकरोडनं भरलं असं म्हटलं तरी चालेल.

आता सोमवार.

८ एप्रिल २०१४ ला विंडोज एक्सपीचे अपडेट बंद झाले. शहरातल्या एका क्लासकडे एक्सपीची चाळीस जुनी मशिनं होती, नवी घ्यायला पैसे नव्हते आणि संचालकांना चोरीचा माल नको होता. ते काम आम्हाला मिळालं. तोवरचं सगळ्यात मोठं. बोर्डावर जीफोर्स ७०२५ चिप. तिचा खुला ड्रायव्हर नूवो, जो स्वयंसेवकांनी कंपनीच्या कागदपत्रांशिवाय चिपचं वागणं तपासून तपासून लिहिला आहे. तो या बोर्डांवर अधूनमधून अडकत होता, म्हणून आम्ही बंद ड्रायव्हर, म्हणजे कंपनीचा स्वतःचा, ज्याचा कोड ती उघड करत नाही तो, टाकला. एक मशीन तयार केलं, क्लोनझिला या प्रोग्रॅमनं त्याची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, काढली आणि उरलेल्या एकोणचाळिसांवर उतरवली. चार महिने एक तक्रार नाही.

त्या सोमवारी सकाळी साडेआठला संचालकांचा फोन आला. दहाला सराव परीक्षा, आणि एकाही मशीनवर चित्र नाही. कुठं काळी स्क्रीन, कुठं ‘लो-ग्राफिक्स मोड’ची चौकट. मी पिंपळगाव बसवंतला एका कामावर होतो. भागीदार दुकानातून धावत गेला. त्यानं ग्रबच्या, म्हणजे मशीन सुरू होताना कर्नेल निवडणाऱ्या प्रोग्रॅमच्या, ओळीत ‘नोमोडसेट’ लिहून मशिनं कशीबशी उठवली. चित्र आलं, पण ८०० बाय ६०० चं. परीक्षेच्या खिडकीचं ‘पुढे’ बटण स्क्रीनच्या खाली गेलं. चाळीस पोरं बसलेली, प्रश्न दिसतोय आणि बटण दिसत नाही. परीक्षा रद्द झाली.

मी साडेअकराला पोहोचलो. कारण सापडायला वीस मिनिटं लागली. बंद ड्रायव्हरचा एक तुकडा प्रत्येक नव्या कर्नेलसाठी नव्यानं बांधावा लागतो. ते काम डीकेएमएस नावाचं सॉफ्टवेअर आपोआप करतं, पण त्याला त्याच कर्नेलच्या हेडर्स फाइली लागतात. इमेज हलकी करण्याच्या नादात मी ‘लिनक्स-हेडर्स-जेनेरिक’ हे पॅकेज काढलं होतं आणि फक्त त्या दिवशी चालू असलेल्या कर्नेलचे हेडर्स ठेवले होते. जेनेरिक असतं तर प्रत्येक नव्या कर्नेलबरोबर त्याचे हेडर्स आले असते. शिवाय सुरक्षेचे अपडेट आपोआप व्हावेत असं मीच करून ठेवलं होतं. शनिवारी नवं कर्नेल आलं, हेडर्स आले नाहीत, ड्रायव्हर बांधला गेला नाही. सोमवारी सगळी मशिनं नव्या कर्नेलवर उठली. चाळीसही एकाच साच्यातली, म्हणून चाळीसही एकदम पडली.

चूक माझी होती, आणि ती मी संचालकांना त्यांच्या केबिनमध्ये उभं राहून सांगितली. सुरू होताना शिफ्ट दाबून धरायचं, जुनं कर्नेल निवडायचं, जेनेरिक हेडर्स टाकायचे, भागीदारानं घातलेलं नोमोडसेट काढायचं. दुपारी तीनपर्यंत चाळीसही मशिनं पूर्ववत झाली. एकही फाइल गेली नाही. एक पैसा घेतला नाही.

मंगळवारी सकाळी आम्ही तपासायला गेलो तेव्हा दुसऱ्या एका दुकानाचा मालक तिथं सीड्यांची चळत घेऊन बसलेला. नाव घेत नाही. चालू असलेली, नीट चाललेली चाळीस मशिनं त्यानं दोन दिवसांत पुसली आणि चोरीचं विंडोज टाकलं. आमचे राहिलेले पैसे बुडाले, ते सोडा. त्यानं वर्षभर गिऱ्हाइकांना सांगितलं, लिनक्सवाल्याकडे जाल तर काळी स्क्रीन मिळेल. त्यावरून ठरलेली दोन कामं गेली. भागीदारानं डिसेंबरपर्यंत वाट पाहिली. मग म्हणाला, “भाऊ, घरी दोन पोरं आहेत माझ्या.” तो अंबडला एका कारखान्यात लागला. मी त्याला दोष देत नाही. सोल्डरिंगचं टेबल मात्र तसंच आहे, त्यावर अजून कुणी बसलेलं नाही.

त्या दुकानदाराबद्दल एकच सांगतो. लिनक्सची मशिनं त्याच्याकडेही जायची, नंतर माझ्याकडे यायची. प्रत्येकात नोमोडसेट कायमचं घालून ठेवलेलं. ही सूचना दार अडलं तर खिडकीतून आत शिरण्यापुरती आहे. आत शिरून खरा ड्रायव्हर टाकायचा आणि ती काढायची. ती ठेवली तर कर्नेल ग्राफिक्स चिपला हातच लावत नाही, सगळं चित्र प्रोसेसर काढत बसतो, रिझोल्यूशन वाढत नाही आणि व्हिडिओ अडखळतो. मग लोक म्हणतात, लिनक्स हळू आहे.

त्यानंतरची वर्षं बरी गेली. नोटबंदी, लॉकडाऊन, सगळ्यांचं झालं तेच आमचं झालं.

मुलं दुकानात शिकायला येतात त्यांना मी सांगतो, आधी आज्ञा मारू नका, आधी केबल बदला. मग ‘एलएसपीसीआय’ला ‘एनएनके’ जोडून बघा, चिपसमोर ‘ड्रायव्हर इन यूज’ अशी ओळ आहे का. ती ओळच नसेल तर रिझोल्यूशनच्या मागे लागण्यात अर्थ नाही. ओळ असेल आणि रिझोल्यूशन नसेल तर मॉनिटरचं बोलणं कुठंतरी तुटतंय, स्प्लिटर किंवा केव्हीएम स्विच (एकच मॉनिटर दोन मशिनांना लावणारा) मध्ये आहे का ते बघा. नव्या लॅपटॉपवर एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकूनही लागत नसेल तर सिक्युअर बूट, म्हणजे सही असलेलंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय, तपासा. टाकताना एक पासवर्ड मागतात आणि पुढच्या सुरुवातीला निळी स्क्रीन येते, तिथं तो द्यायचा असतो. लोक घाबरून पुढे जातात आणि सही नसलेला ड्रायव्हर कर्नेल आत घेत नाही. आणि वेलँडवर, लिनक्समधल्या चित्र दाखवायच्या नव्या व्यवस्थेवर, एक्सरँडआरनं नवा मोड लागत नाही, तिथं तास घालवू नका. जुनं कर्नेल कधीही पुसू नका, निदान एक ठेवा.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबले आणि २०१४ सारखीच मशिनं पुन्हा टेबलावर यायला लागली आहेत, धडधाकट, फक्त वयानं बाद ठरवलेली. काका आता पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. परवा त्यांची नात लॅपटॉप घेऊन आली होती. जाताना म्हणाली, आजोबांनी विचारलंय, रुपया आहे ना. मी डबा उघडून दाखवला.

त्याच आठवड्यात त्या क्लासमधून फोन आला. संचालक आता दुसरे आहेत, पण जुन्या शिक्षकांपैकी एकानं आमचं नाव सुचवलं म्हणाले. मशिनं किती म्हणून विचारलं, तर बेचाळीस. मी दरपत्रक लिहून पाठवलं. त्यात एक अट घातली आहे, अपडेट आधी एकाच मशीनवर होतील, आठवडाभर ते मुलं वापरतील, आणि मगच उरलेल्या एक्केचाळिसांवर. त्यांचं उत्तर अजून यायचंय.