भोंग्याची रोजनिशी

४ जून २०२१, शुक्रवार

गावाचं नाव लिहीत नाही. सिंधुदुर्गात किनाऱ्यावर पालिका असलेली गावं बोटावर मोजण्याइतकी, ओळखणारे ओळखतील. मी वसुलीला लिपिक. घरपट्टी, पाणीपट्टी, थकबाकीच्या नोटिसा. गेल्या वर्षीच्या मार्चपासून करोनाच्या टाळेबंदीत वसुली नावालाच उरली आणि माझ्याकडे भोंगा आला. शाळेत असताना दशावतारात एकदा संकासुर केला होता, तेवढ्या भांडवलावर साहेबांनी ठरवलं की याचा आवाज बरा आहे. मजकूर मी लिहितो, मोबाइलवर मीच बोलतो आणि बाबलच्या रिक्षावर बांधलेल्या कर्ण्यातून तो गावभर फिरतो. लोक मला आता नावाने हाक मारत नाहीत. ‘भोंगो इलो’ म्हणतात.

काल दुपारी टीव्हीवर मंत्र्यांनी सांगून टाकलं की राज्य पाच टप्प्यांत उघडणार आणि अठरा जिल्हे पूर्ण मोकळे. चहा संपायच्या आत बाजारातून सात फोन. ‘आमी त्या अठरात आसंव काय?’ संध्याकाळी सरकारचाच खुलासा आला की प्रस्ताव अजून विचाराधीन आहे. शटरला तेल घालून बसलेल्यांना हे कोणी सांगायचं? मीच.

आज रात्री खरा आदेश आला. दोनदा वाचला, तिसऱ्यांदा पेन्सिल घेऊन वाचला. पाच स्तर आहेत. शंभर चाचण्यांत किती बाधित निघतात आणि ऑक्सिजनच्या किती खाटा भरल्या आहेत, यावर स्तर ठरणार. बाधितांचं प्रमाण पाच टक्क्यांच्या आत आणि पाव खाटाही भरलेल्या नाहीत, तर पहिला स्तर, सगळं खुलं. दहा ते वीस टक्क्यांत चौथा. मोठ्या महापालिकांचा हिशेब वेगळा. आमच्यासारख्या नगर परिषदा मात्र जिल्ह्याच्या पोटात. म्हणजे आमच्या गावात महिनाभर एकही रुग्ण सापडला नाही आणि घाटाच्या पायथ्याला पन्नास सापडले, तरी आमची चपलांची दुकानं बंद.

७ जून, सोमवार

आम्ही चौथ्यात. अत्यावश्यक दुकानं चारपर्यंत, बाकी बंद, हॉटेलातून फक्त पार्सल.

सकाळी नऊला फेरी. ‘नागरिकांना सूचित करण्यात येते’ असं सुरू केलं की कोणी ऐकत नाही, हे वर्षभरात कळलंय. म्हणून आता थेट ‘आज काय उघडं, काय बंद’ असं सुरू करतो. तरीही बंदरावरच्या एका म्हाताऱ्याने रिक्षा थांबवलीच.

“सायबानू, ह्यो करोना काय चार वाजल्यार जागो होता?”

बाबल हसला. मी कर्णा बंद केला आणि गर्दी कमी होते वगैरे सांगू लागलो. म्हातारा शांतपणे म्हणाला, “पयली गर्दी दिसभर थोडी थोडी होती. आता तीन वाजल्यार सगळी येता.” हे खरं आहे. पावणेचारला भाजीपाशी उभं राहून बघावं. पण आदेशात त्या पावणेचारला जागा नाही आणि तो बदलायचा अधिकार आमच्या साहेबांना नाही, तहसीलदारांनाही नाही. आमच्याकडे शिट्टी आहे, पावतीपुस्तक आहे आणि मी आहे.

बाजारातली खरी गंमत दुपारी बघितली. पावसाळ्याच्या तयारीचं सामान अत्यावश्यक धरलेलं आहे: छत्र्या, रेनकोट, ताडपत्री, प्लॅस्टिकचा कागद. कापडवाले शेट हे बरोबर वाचून बसले होते. त्यांच्या दाराला सहा रेनकोट टांगलेले, आत साड्यांचा दिवा मालवलेला. चपलांच्या दुकानासमोर छत्र्या. भांडेवाल्याकडेही छत्र्या, त्यातली एक निळी त्याच्या बायकोची नेहमीची, तिची मूठ दोऱ्याने बांधलेली मी ओळखतो. पथकातल्या हवालदाराने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. १६ मेच्या तौक्ते वादळात अर्ध्या बाजाराचे पत्रे उडालेत, ताडपत्री तर सगळ्यांनाच हवी आहे. आम्ही पुढे गेलो.

१७ जून, गुरुवार

आमच्याकडे गुरुवार म्हणजे मासळीला उठाव नाही. निम्मं गाव शाकाहारी असतं. आता गुरुवारला नवं काम मिळालंय. आरोग्य खात्याचा आठवड्याचा आकडा गुरुवारी येतो, त्यावरून जिल्हा ठरवतो आणि सोमवारपासून ते लागू. म्हणून गुरुवारी संध्याकाळी पालिकेच्या पायरीवर लोक उभे असतात, दहावीच्या निकालाला उभे राहायचे तसे. (यंदा तर दहावीची परीक्षाही नाही. त्यामुळे हाच एक निकाल.)

हॉटेलवाला, लॉजवाला, सलूनवाला. सलूनवाला सगळ्यात शेवटी उभा असतो, काही विचारत नाही. त्याचाही धंदा बसलेला, माझेही केस वाढलेले. दोघंही एकमेकांच्या डोक्याकडे बघतो.

२२ जून, मंगळवार

मासळी बाजारात तपासणीचा कॅम्प. टक्का खाली आणायचा तर चाचण्या वाढवायला हव्यात, हा साधा भागाकार. विक्रेत्यांची रॅपिड टेस्ट, जागेवर पंधरा-वीस मिनिटांत निकाल.

१ जूनपासून मासेमारी बंद, त्यामुळे बाजारात सुकी मासळी आणि खाडीतली थोडी. बसलेल्या बायका मोजून वीस. कॅम्पची गाडी दिसली तशा सात राहिल्या. टोपल्या तिथेच, बायका नाहीत. सोडे आणि सुके बांगडे राखायला एक लहान मुलगी.

मी कर्णा घेऊन खाडीच्या बाजूला गेलो. मजकूर बाजूला ठेवला आणि मालवणीत बोललो, की कोणाचं घर सील होणार नाही. बोलून झाल्यावर लक्षात आलं की हे मी कोणाच्या अधिकारात बोललो? गेल्या वर्षी घराला पट्टी लावून कागद डकवला होता तो मीच, आणि तो कागद अजून एका दारावर अर्धा चिकटलेला आहे. त्या घरातल्या काकी आज पळालेल्यांत पहिल्या.

संध्याकाळपर्यंत त्यातल्या पाच परत आल्या, टेस्ट केली. सगळ्या निगेटिव्ह. काकी नाही आल्या.

२५ जून, शुक्रवार

नवा आदेश. डेल्टा प्लस या करोनाच्या नव्या प्रकाराच्या भीतीने पहिला आणि दुसरा स्तर काढून टाकला. राज्यात कुठेही किमान तिसरा. शिवाय टक्का मोजताना फक्त आरटीपीसीआर धरायची, रॅपिड नाही.

बारा जणींच्या नाकात काडी घातली तो हिशेब धरला जाणार नाही. रोग शोधायला ती काडी उपयोगाचीच, हे मला कळतं. पण मी बाजारात उभं राहून ‘टक्को खाली येतलो’ असं सांगितलं होतं.

आज फेरीला गेलो नाही. बाबलला म्हटलं, घसा बसलाय.

१ ऑगस्ट, रविवार

मधल्या काळात चौथ्यातून तिसऱ्यात आलो. सलूनवाल्याने पहिलं माझं डोकं केलं आणि पैसे घेतले नाहीत, मग मी घरी जाऊन मुलाबरोबर पाठवले.

आज समुद्र उघडला. दोन महिन्यांची बंदी काल संपली. खरं म्हणजे नारळी पौर्णिमेला नारळ वाढवल्याशिवाय आमचे जुने लोक पाण्याला हात लावत नाहीत आणि वाराही अजून कच्चा आहे. तरी दोन-चार होड्या गेल्या. कर्ज कोणाला थांबलंय?

घोळ असा, की होड्या संध्याकाळी लागतात. चारला बाजार बंद. म्हणजे मासा पाच वाजता किनाऱ्यावर आणि गिऱ्हाईक तीन वाजता. साहेबांनी लिलाव जेटीवरच उरकायला सांगितलं आणि ते पथकाला घेऊन बरोबर त्या वेळी गावाच्या दुसऱ्या टोकाला गेले. मी त्यांच्याबरोबर होतो. तिकडे एक मारुतीचं देऊळ आणि आंब्याची बाग आहे. आम्ही तासभर बागेतली शिस्त बघितली.

३ ऑगस्ट, मंगळवार

राज्यात आजपासून बरीच मोकळीक, दुकानं आठपर्यंत. अकरा जिल्हे सोडून. कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सोलापूर, अहमदनगर, बीड, रायगड, पालघर.

फेरीत नुसती यादी वाचली. आपलं नाव सहावं आलं तेव्हा बाबलने विनाकारण हॉर्न वाजवला.

१४ ऑगस्ट, शनिवार

उद्यापासून हॉटेलं रात्री दहापर्यंत, निम्म्या क्षमतेने. दादाची खाणावळ मार्चपासून धड चाललेली नाही. वहिनीने दोन दिवस आधी पाटा धुवून उन्हात ठेवला, बाकं रंगवली. मी भोंग्यावर बातमी सांगितली ती खरं तर एका घरासाठीच सांगितली.

रात्री आदेश नीट वाचला. कर्मचाऱ्यांचे दोन्ही डोस झालेले हवेत आणि दुसऱ्या डोसानंतर चौदा दिवस उलटलेले हवेत. दादाकडे कामाला दोन पोरं, दोघंही पंचविशीच्या आतली. त्यांना लस मिळाली तीच २५ जूनला. कोविशिल्डला चौऱ्याऐंशी दिवसांचं अंतर. जेवणाच्या टेबलावर वहिनीने कॅलेंडर काढलं आणि बोट ठेवत मोजलं: जूनचे पाच, जुलै एकतीस, ऑगस्ट एकतीस, सप्टेंबरची सतरा तारीख. वर चौदा. १ ऑक्टोबर.

“म्हणजे उघडला पण आणि बंद पण,” दादा म्हणाला.

“तुम्ही दोघं वाढा,” मी म्हटलं. दोघांचे दोन्ही डोस झालेत.

“चूल कोण बघणार?”

मग आमची आई म्हणाली, मी बघते. ती शहात्तर वर्षांची आहे, दोन डोस एप्रिलातच झालेत, कागद कपाटात जपून ठेवलाय. नियमाप्रमाणे त्या खाणावळीत चुलीशी उभं राहायला सगळ्यात पात्र माणूस तीच. आम्ही हसलो. ती हसत नव्हती. तिने विचारलं, उद्या किती नारळ फोडायचे.

२२ ऑगस्ट, रविवार

नारळी पौर्णिमा. मोजक्या माणसांत नारळ समुद्रात सोडला. दरवर्षी बंदरावर नारळ लढवायला जी गर्दी होते ती नाही. गर्दी करू नका असं मी सकाळी सांगून आलो होतो, आणि लोकांनी खरंच ऐकलं याचंच वाईट वाटलं.

३० ऑगस्ट, सोमवार

गणेशमूर्तीची उंची: सार्वजनिक चार फूट, घरगुती दोन फूट. गेल्या वर्षीही हेच होतं. तरी चित्रशाळेत एक तीन फुटी मूर्ती उभी आहे. मूर्तिकार म्हणतात, “त्या घराण्याचो पाट तसो हा, माती लहान होयना.” साहेब आत गेले, पाच मिनिटं मूर्तीपुढे उभे राहिले, बाहेर आले. पाटासकट मोजायचं की पाट सोडून, असं त्यांनी मलाच विचारलं. आदेशात लिहिलेलं नाही. पाट सोडूनही ती अडीचच्या खाली येत नव्हती, पण त्यांनी टेप खिशातून काढलीच नाही.

८ सप्टेंबर, बुधवार

परवा चतुर्थी. गेल्या वर्षी या दिवसांत वाड्यांच्या तोंडाला बांबू आडवे होते आणि खारेपाटणच्या नाक्यावर गाड्यांची रांग. आपल्याच घरी येणाऱ्या माणसाला दहा दिवस मांगरात, म्हणजे शेतातल्या खोपटात, ठेवलं होतं. पावसात मांगरात बसलेला एक चाकरमानी मला अजून दिसतो. आम्ही त्याला ताट उंबऱ्याबाहेर ठेवून द्यायचो आणि तो ‘ठेवा ठेवा’ म्हणायचा, जणू उपकार आम्हीच करत होतो. तो माझा सख्खा चुलतभाऊ. यंदा तो आला आणि थेट स्वयंपाकघरात गेला.

आज माटवीचा, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या रानफळा-पानांचा बाजार. रानातून बायका येतात: कवंडळं, हरणं, तेरडा, शेरवडाची पानं, सुपारीची शिपटी, आंब्याचे टाळे. अंतर ठेवून बसवायला मी सकाळी सहाला चुन्याचे चौकोन आखले, प्रत्येकीला एक. साडेसातला पाऊस आला. आठला चुना गटारात. नऊला बायका जशा दरवर्षी बसतात तशा बसल्या, खांद्याला खांदा, एका ताडपत्रीखाली पाच पाच.

कर्णा हातात घेऊन मी उभा. मास्क वापरा, अंतर ठेवा, हे दीड वर्षात किती वेळा बोललो ते मोजलं नाही. एक बटण दाबलं की मोबाइलमधला आवाज आपोआप सुरू होतो. दाबलं. माझा आवाज बाजारात फिरू लागला. ताडपत्रीखालून एक बाई डोकं वर न करता म्हणाली, “अहो भोंगे, ता जरा बारीक करा, गिऱ्हाईक काय म्हणता ता ऐकाक येना.”

बघतो तर जूनमध्ये खाडीकडे पळालेल्या काकी. मास्क नाकाखाली. तो वर करायला मी बोटाने खूण केली. त्यांनी वर केला आणि दोन कवंडळं माझ्या हातात ठेवली.

“किती?” मी विचारलं.

“वीस रुपये. पावती नको माका.”