सरांनी अर्धाच शिकवलेला शब्द

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी ‘दोन शब्द’ लिहून द्या, असा शाळेतून फोन आला. माझ्याकडे एकच शब्द आहे. तोही इंग्रजी.

मी या शाळेत पाचवीला आलो. चौथीपर्यंत सोलापूर महापालिकेच्या तेलुगू शाळेत होतो. घरात तेलुगू, गल्लीत तेलुगू, वडील ज्या पॉवरलूमवर कामाला होते तिथे मागांच्या खडखडाटातही तेलुगूच. १९८१ च्या जूनमध्ये वडिलांनी मला इथे आणून बसवलं, कारण त्यांच्या मते पुढे नोकरी लागायची तर मराठीशिवाय इलाज नव्हता. पहिले पंधरा दिवस मी कोणाशी बोललो नाही. ‘आहे’ म्हणायचं की ‘हाय’, वर्गात कुठलं चालतं आणि मैदानावर कुठलं, याचा पत्ताच लागत नव्हता. इंग्रजीचा तास मात्र आवडायचा. तेव्हा इंग्रजी पाचवीपासून असायची, त्यामुळे ए-बी-सी-डीपुढे मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशी सगळी घरं सारखीच अडाणी.

आठवीत सरांनी फळ्यावर एक वाक्य लिहिलं: ‘अ स्ट्रेंज मॅन केम टू द डोअर.’ भाषांतर करायला मला उभं केलं. मी ठोकून दिलं, ‘एक विचित्र माणूस दाराशी आला.’

सरांनी खडू खाली ठेवला. “काय विचित्र केलं रे त्यानं? उलटा चालत आला? शिंगं होती?”

वर्ग हसला. मीही हसलो, पण कान गरम झाले होते.

“तुझ्या ओळखीचा नाही, एवढंच त्यात म्हटलंय. कदाचित तुझ्यापेक्षा शहाणा असेल.” मग त्यांनी शब्दाची कुळी सांगितली. लॅटिनमध्ये ‘एक्स्ट्रा’ म्हणजे बाहेर. त्यावरून ‘एक्स्ट्रानेअस’, म्हणजे बाहेरचा. तो फ्रेंचमध्ये गेला, तिथून तेराव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत आला आणि स्ट्रेंज झाला. आधी अर्थ होता परका, अनोळखी. चमत्कारिक हा अर्थ त्यामागून आला. बाहेरचा म्हणजे काहीतरी विचित्रच असणार, असं लोकांनी धरून चालल्यावर शब्दाला तरी काय करता येणार? (आपल्या ‘विचित्र’चंही असंच. संस्कृतात तो मुळात रंगीबेरंगी. म्हणजे आपली जेकार्ड चादर विचित्रच म्हणायची. पण दुकानात गिऱ्हाइकापुढे म्हणून बघा.)

त्या दिवशी सरांनी पुढचा धडा घेतलाच नाही. “तुमच्या घरी अनोळखी माणसाला काय म्हणतात?” असं एकेकाला विचारत सुटले. मराठी घरांतून अनोळखी, परका, उपरा, नवखा असा ढीग आला आणि उपरा व नवखा एकच का, यावर दोघांची जुंपलीसुद्धा. उर्दूवाला ‘अजनबी’ म्हणाला. माझ्या बाकावरचा कन्नड घरचा मुलगा म्हणाला, ‘होसबा’. सरांनी फोड करून मागितली. “होस म्हणजे नवं, सर. नवा माणूस.” मग माझी पाळी. मी हळूच म्हणालो, ‘कोत्त मनिषी’. त्याचाही अर्थ तोच, नवा माणूस. सरांनी फळ्यावर एका बाजूला ‘बाहेरचा’ लिहिलं, दुसऱ्या बाजूला ‘नवा’, आणि बराच वेळ फळ्याकडे नुसते बघत राहिले. माझी घरची भाषा शाळेच्या फळ्यावर पहिल्यांदाच चढली होती, तीही देवनागरीत. तास संपल्यावर मॉनिटरने फळा पुसला तेव्हा मला वाईट वाटलं होतं.

पुढे आठवडाभर तोच शब्द चालला. ‘स्ट्रेंजर’ने तर धमाल केली. ‘ट्रुथ इज स्ट्रेंजर दॅन फिक्शन’ याचं एकाने ‘सत्य हे गोष्टीपेक्षा परका माणूस आहे’ असं केलं. तेव्हा कळलं की हा स्ट्रेंजर तो नव्हे. एक नाम, दुसरं विशेषणाचं तुलनेचं रूप. ‘आय अ‍ॅम अ स्ट्रेंजर हिअर’ म्हणजे मी इथला नाही, मला रस्ता विचारू नका. आणि स्ट्रेंजर व फॉरेनर एक नव्हेत. ते समजावायला सरांनी आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांना आणलं. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टर चीनला गेले, त्यात हे होते. बाकीचे परतले, हे राहिले. चिनी शिकले, तिथेच लग्न केलं, जखमी सैनिकांवर उपचार करत १९४२ मध्ये वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेले. “फॉरेनर शेवटपर्यंत होते,” सर म्हणाले, “पण स्ट्रेंजर किती दिवस राहिले असतील?” उत्तर कोणी दिलं नाही, सरांनीही मागितलं नाही.

‘नो स्ट्रेंजर टू हार्ड वर्क’ हा प्रयोगही तेव्हाचाच. कष्टाची चांगली ओळख असलेला. वाक्य वहीत उतरवताना डोळ्यांसमोर अम्मा होती: मांडीवर सूप, पानावर पत्र्याचा तुकडा ठेवून कात्रीने कापणं, तंबाखू भरून वळणं, दोरा गुंडाळून तोडणं. हजार विड्या पुऱ्या होईपर्यंत मान वर नाही. मी तिला वाक्याचा अर्थ तेलुगूत सांगितला. “हे सांगायला इंग्रजी कशाला लागतं?” म्हणाली, आणि पुढचं पान उचललं.

बी.कॉम. होऊन मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात पत्रव्यवहाराला लागलो. माल परदेशात जायचा. १९९४ साली इंग्लंडच्या एका नव्या गिऱ्हाइकाने पॅकिंगच्या सूचना पाठवल्या: घडी अशी, काठ बाहेरच्या बाजूला, प्रत्येक नगावर डाव्या कोपऱ्यात बारकोडची पट्टी. बारकोड आम्ही कधी हाताळलेला नव्हता. मी ऐटीत फॅक्स टाइप केला, ‘युवर इन्स्ट्रक्शन्स आर स्ट्रेंज टू अस’, आणि सविस्तर माहिती पाठवा म्हणून विनंती केली. व्याकरण चोख. आठवीची फळ्यावरची व्युत्पत्ती अजून डोक्यात पक्की होती.

दुसऱ्या दिवशी चार ओळींचं थंड उत्तर आलं. आमच्या सूचनांत आपल्याला नेमकं काय विचित्र वाटलं? आमचे बाकीचे सगळे पुरवठादार त्या पाळतात.

मालक केबिनमधूनच ओरडले, “काय लिहिलास बे तू त्यांना?”

मला खरंच कळत नव्हतं. संध्याकाळी दोन्ही फॅक्स घेऊन सरांच्या घरी गेलो. सर निवृत्त झाले होते. चष्मा बदलून त्यांनी माझा कागद दोनदा वाचला आणि सवयीने खिशाला हात लावला. पेन लालच निघालं.

“अरे, चूक नाही,” ते म्हणाले, “पण वाचणाऱ्याच्या कानात आधी विचित्रच वाजतं. जुना अर्थ जुन्या घरात राहतो, भाड्याने दुसराच असतो. हे मी तुम्हाला सांगायचं राहून गेलं.”

मी विचारलं, मग अनफॅमिलिअर घालू का? चालेल, म्हणाले, पण जपून. ‘वुई आर अनफॅमिलिअर विथ बारकोड्स’ आणि ‘बारकोड्स आर अनफॅमिलिअर टू अस’. माणूस आधी आला तर विथ, वस्तू आधी आली तर टू. मी ते फॅक्सच्या मागे लिहून घेतलं. पण व्यापाराच्या पत्रात इतका लांब शब्द त्यांनाही रुचत नव्हता. पेनाचं टोपण उघडत-मिटत बसले. मग एकदम म्हणाले, “तुझी आई ही पट्टी बघून काय म्हणेल?”

“कोत्त,” मी म्हणालो.

“मग तेच लिही की.”

सरांनी ‘स्ट्रेंज’वर लाल रेघ मारली आणि वर तीन अक्षरं लिहिली: एन, ई, डब्ल्यू.