कढीचा तलाव

"रोज तेच ठाणे स्टेशन, तीच लोकल, तीच व्हाउचरं. तुम्हाला कंटाळा कसा येत नाही हो?" असं लोक मला बऱ्याचदा विचारतात. येतो की! पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, त्यावर माझ्याकडे उतारा आहे. स्वप्नांचा.

आमच्या लेडीज डब्यातल्या ग्रुपचा एक नियम आहे. तिघींच्या बाकावर चौथ्या सीटवर टेकायचं असेल, तर रात्री पडलेलं स्वप्न सांगायचं. बाकीच्या मेथी निवडत ऐकतात. अर्थ लावायला मात्र सक्त बंदी. दात पडला म्हणजे अमुक, साप दिसला म्हणजे तमुक, असं कोणी सुरू केलं की तिला उठवतात. बरंच करतात. अर्थ काढत बसलं की स्वप्नाचं राशिभविष्य होतं.

मध्यंतरी माझ्या स्वप्नात ठाण्याच्या मासुंदा तलावात पाण्याऐवजी कढी होती. गडकरी रंगायतनपाशी माणसं भाताची ताटं घेऊन रांगेत उभी, आणि एक शिपाई आधार कार्ड बघून पळीने वाढतोय. माझ्या कार्डावर फोटो सासूबाईंचा. तो म्हणाला, "चालेल, पण वरची फोडणी मिळणार नाही." मी वाद घालायचा सोडून केवायसी करायला निघाले! त्या संध्याकाळी तलावपाळीवरून येताना पाण्याचा रंग निरखून बघितला. एरवी तिथे मी फक्त रिकामी रिक्षा शोधते.

एरिक होएल या मेंदूशास्त्रज्ञाने २०२१मध्ये एक कल्पना मांडली. रोजच्या त्याच त्या अनुभवांना मेंदू गरजेपेक्षा जास्त सरावतो, मग नवीन काही समोर आलं की अडतो. स्वप्नांचा विचित्रपणा हा अतिसराव मोडत असावा. अजून हे गृहीतकच आहे, पण मला पटतं. आपल्या मुक्ताबाईंची मुंगी तर कधीच आकाशात उडून सूर्य गिळून बसली आहे. तिच्याकडे कोणी पुरावा मागत नाही.

"आम्हाला स्वप्नंच आठवत नाहीत" म्हणणाऱ्यांना एवढंच सांगेन की, ठळक स्वप्नं बहुधा पहाटेकडे पडतात. गजर वाजल्यावर कूस बदलू नका, मोबाइलला हात लावू नका, हाती लागेल ते एक टोक धरून ठेवा. कढी आठवली की मागोमाग शिपाई येतो. आणि मुलुंडच्या आत सांगून संपवा. तिथे गर्दी चढते, मग शेजारचीलाही ऐकू येत नाही.